तुकडीतल्या सगळ्याजणी

गेल्या डिसेंबरात इंदूरमध्ये आमच्या तुकडीचा स्नेहमेळावा झाला. आम्ही 1979 साली शाळेतून बाहेर पडलो, त्यामुळे मधल्या 45 वर्षांत प्रत्येकीचा संसार, नोकरी, मुलांची शिक्षणे, बहुतेकींच्या आईवडिलांचे जाणे, असे सगळेच येऊन गेले होते. मेळाव्याचे फोटो आमच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर भरपूर आहेत आणि ज्यांना ते पाहायचे होते त्यांनी ते पाहिलेही आहेत. मला लिहायचे आहे ते मेळाव्याच्या यादीविषयी. अशा मेळाव्याला कोणाला बोलवायचे हे बहुधा कोणी ठरवत नाही, ते आपोआप ठरते, आणि आपोआप झालेल्या यादीतून नेहमी त्याच त्या जणी सुटतात.

ही आपोआप होणारी यादी कशी तयार होते ते मी जवळून पाहिले. चार-पाच मैत्रिणींचा संपर्क कधी तुटलेलाच नसतो. त्यांच्यापैकी कोणीतरी गट सुरू करते, मग प्रत्येकजण आपल्याजवळचे दोन-तीन क्रमांक देते, आणि महिनाभरात पंचवीस-तीस जणी जमल्या की तुकडी पूर्ण झाली असे सगळ्यांना वाटू लागते. आमच्या गटात बँकेतून निवृत्त झालेल्या होत्या, शिक्षिका होत्या, दोघी डॉक्टर होत्या, पुण्यात आणि परदेशात स्थायिक झालेल्या होत्या. सगळ्या अकरावी उत्तीर्ण झालेल्या होत्या. त्या काळी मध्य प्रदेशात शालान्त परीक्षा अकरावीला असे आणि तिला हायर सेकंडरी म्हणत. भोपाळचे माध्यमिक शिक्षा मंडळ ती घेई, आणि निकाल वर्तमानपत्रात नुसत्या क्रमांकांनी छापून येई. आमची पहिली यादी म्हणजे त्या छापील निकालाचीच दुसरी प्रत होती, आणि हे कोणाच्या लक्षातही आले नव्हते.

लक्षात आणून दिले ते आमच्यातल्याच एका निवृत्त शिक्षिकेने. तिने गटावर एवढेच विचारले, "सहावीत आपल्या दोन तुकड्या होत्या ना गं? मग अकरावीत एकच कशी राहिली?"

या प्रश्नानंतर दोन दिवस गटावर कोणी फारसे लिहिले नाही. मग एकेकीला आठवू लागले. खिडकीजवळच्या बाकावर बसणारी आणि गणितात सगळ्यांच्या आधी उत्तर काढणारी कोण होती, कबड्डीत जिला धरणे कोणाला जमत नसे ती कोण, डब्यात रोज ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी आणणारी आणि ती सगळ्यांना वाटणारी कोण. चेहरे येत होते, नावे अर्धवट येत होती, आणि पुढे काय झाले ते कोणालाच सांगता येत नव्हते. म्हणून आम्ही तिघीजणी शाळेत गेलो आणि मुख्याध्यापिकांच्या परवानगीने जुने दाखिल-खारिज रजिस्टर पाहिले. आता त्या शाळेत मराठी माध्यम उरलेले नाही, परंतु रजिस्टरे कपाटात नीट बांधून ठेवलेली आहेत, आणि त्याबद्दल तिथल्या कार्यालयातल्या मंडळींचे मनापासून आभार मानले पाहिजेत.

ज्यांनी हे रजिस्टर कधी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगते. ते आडवे, जाड पुठ्ठ्याचे असते आणि एका मुलीला एक आडवी ओळ मिळते. दाखल क्रमांक, मुलीचे नाव, वडिलांचे नाव, वडिलांचा व्यवसाय, पत्ता, जन्मतारीख, कोणत्या वर्गात प्रवेश घेतला, कोणत्या तारखेला आणि कोणत्या वर्गातून नाव कमी झाले, आणि सगळ्यांत शेवटी नाव कमी होण्याचे कारण. आमच्या ओळींसमोर त्या शेवटच्या रकान्यात परीक्षा उत्तीर्ण झाल्याची नोंद होती. बाकीच्यांच्या समोर कुठे 'विवाह' लिहिले होते, कुठे 'स्थानांतर', आणि कितीतरी ओळींसमोर 'सतत अनुपस्थित'. निळी शाई आता तपकिरी झाली आहे, पण अक्षर आमच्या त्या वेळच्या लेखनिक बाईंचे आहे हे मला लगेच ओळखता आले, कारण त्यांचा 'त' शेपूट काढल्यासारखा खाली जात असे. व्यवसायाच्या रकान्यात शिक्षक, पोस्ट, वकील, राज्य शासन हे होते, तसेच 'मिल मजदूर', म्हणजे कापड गिरणीतला कामगार, हे शब्दही पुन्हा पुन्हा येत होते. इंदूरचे मराठी लोक म्हटले की रामबाग, नारायण बाग आणि होळकरशाहीतली जुनी घराणी डोळ्यांसमोर येतात. परदेशीपुरा आणि मालवा मिलच्या भागात राहणारी, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, आणि इतर खात्यांत काम करणारी मराठी कुटुंबेही याच शहरात होती आणि त्यांच्या मुली आमच्याच बाकांवर बसत होत्या, याचा विसर आम्हाला इतका सहज कसा पडला, हे मला त्या दिवशी फार लागले.

'विवाह' या नोंदीपुढच्या तारखा मी जन्मतारखांशी ताडून पाहिल्या. मुलीच्या लग्नाचे किमान वय 1929 च्या शारदा कायद्याने 14 ठेवले होते, 1949 मध्ये ते 15 झाले, आणि 18 झाले ते 1978 साली, म्हणजे आम्ही शाळेच्या शेवटच्या टप्प्यावर असताना. आठवी-नववीतून ज्यांची नावे कमी झाली त्यांच्या घरच्यांनी कायदा मोडलाच असे म्हणता येत नव्हते. 1976 मध्ये पंधरा वर्षांच्या मुलीचे लग्न कायद्याला मान्य होते. आम्ही मात्र तेव्हा एवढेच म्हटले असणार की तिचे लग्न ठरले, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या बाकावर कोणीतरी दुसरी सरकून बसली असणार.

'सतत अनुपस्थित' या नोंदीमागची कारणे रजिस्टरात नसतात, ती पुढे आम्हाला त्या त्या मैत्रिणींकडूनच कळली. पाणी हे त्यांतले एक मोठे कारण होते. नर्मदाकाठच्या जलूदहून नदीचे पाणी इंदूरला पोचले 1978 साली. त्याआधीच्या उन्हाळ्यांत वस्त्यांमधल्या सार्वजनिक नळांवर भल्या पहाटेपासून रांग लागे, आणि घरातली मोठी मुलगी त्या रांगेत असे. आई दुसऱ्यांच्या घरी कामाला, वडील पाळीवर, धाकटी भावंडे अंगावर, अशा मुलीची पहिली तासिका रोज चुकायची, मग दुसरी चुकायची, आणि एके दिवशी ती येईनाशी व्हायची. आमच्या बाई हजेरी घेताना तिचे नाव महिनाभर पुकारत राहत आणि मग ते पुकारणे थांबे.

रजिस्टरातून नावे उतरवून घेतल्यावर खरे काम सुरू झाले, आणि मुलांच्या शाळांचे मेळावे भरवणाऱ्यांना ज्याची कल्पना येणार नाही अशी अडचण आमच्यापुढे उभी राहिली. मुलगा आयुष्यभर त्याच नावाने वावरतो, त्यामुळे नाव आणि आडनाव टाकले की फेसबुकवर तो सापडतो. आमच्या मैत्रिणींची आडनावे लग्नात बदलली आणि पुष्कळजणींची पहिली नावेही तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून बदलली गेली. माहेरची शैला सासरी सुवर्णा झालेली असेल, तर शाळेत माहीत असलेल्या तिच्या नावातले एकही अक्षर आज तिच्या आधार कार्डावर नसते. त्यातही इंदूरच्या मुली दूरदूर दिल्या गेल्या होत्या. कोणी मीटरगेजच्या गाडीने पाताळपाणीचा घाट उतरून खांडव्याला आणि तिथून गाडी बदलून खानदेशात, वऱ्हाडात गेली, कोणी बडोद्याला, कोणी जबलपूरला, आणि नंतर नवऱ्याच्या बदल्यांबरोबर आणखी पुढे.

तेव्हा शोध घ्यायचा तो माहेरच्या वाटेनेच, हे आमच्या ध्यानात आले. मुलगी जाते, नाव जाते, पण भावाचे आडनाव तेच राहते आणि पुष्कळदा घरही तेच राहते. भावापेक्षाही भावजयीला विचारावे असा माझा अनुभव आहे. नणंदेचा पत्ता, तिच्या मुलाचे लग्न कुठे झाले, ती सध्या कोणत्या मुलाकडे असते, हे भावाला आठवत नाही आणि वहिनीला तोंडपाठ असते. जुन्या गणेशोत्सव मंडळांचे कार्यकर्ते, घरोघर पूजा सांगायला जाणारे भिक्षुक, रामबागेतली शिवणाची दुकाने, यांचाही फार उपयोग झाला. एका मैत्रिणीचा पत्ता तर बांगड्यांच्या दुकानातल्या आजोबांनी दिला, कारण तिच्या दोन्ही मुलींचे चुडे त्यांनीच भरले होते.

मिलच्या भागात मात्र ही वाट पुष्कळदा खुंटली, कारण तिथे माहेरच उरले नव्हते. इंदूरच्या मिल एकामागून एक बंद पडल्या. हुकुमचंद मिल डिसेंबर 1991 मध्ये बंद झाली आणि तिच्या कामगारांच्या थकलेल्या पैशांचा प्रश्न सुटायला डिसेंबर 2023 उजाडला. तेव्हा 224 कोटी रुपये मंजूर होऊन 4,800 कामगारांच्या कुटुंबांना ते मिळण्याची वाट मोकळी झाली. त्या 32 वर्षांत कितीतरी कामगार वारले होते. कामगारांच्या घरातली माणसे रोजगारासाठी पीथमपूरला, सुरतला, नाशिकला पांगली होती. एखाद्या घराच्या जागी आता तीन मजली इमारत होती आणि शेजारच्यांना जुने नावही ठाऊक नव्हते. अशा वेळी जुने मिल कामगारच मदतीला आले. वय झालेली ही माणसे ओट्यावर बसलेली असत, आणि "ते जॉबर होते का रिंग खात्यात?" असे गिरणीतले काम आणि खाते विचारून बरोबर त्या कुटुंबाचा धागा हाती देत. आमच्या शाळेच्या मुलींना शोधायला कोणी तरी आले आहे याचा त्यांना झालेला आनंद मी विसरू शकत नाही.

अशा वाटेने जी पहिली मैत्रीण सापडली तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. तिने मला तशी परवानगी दिली आहे, फक्त नाव घालू नको असे सांगितले आहे. ती आठवीनंतर आली नाही. वडिलांना मिलमध्ये अपघात झाला, आई चार घरची धुणीभांडी करू लागली, आणि हिने तीन भावंडे सांभाळली. पुढे लग्न झाले, तेही याच भागात, आणि गेली तीस-बत्तीस वर्षे ती शाळांचे गणवेश शिवते. आम्ही गेलो तेव्हा मशीनवर निळ्या ट्युनिकच्या चुण्या घालणे चालले होते. तिने आधी हातातली चूण पूर्ण केली, दोरा दाताने तोडला, आणि मग चष्मा वर करून आमच्याकडे नीट पाहिले. मला तिने शाळेतल्या टोपणनावाने हाक मारली, जे नाव माझ्या मुलांनाही माहीत नाही.

मेळाव्याचे सांगितल्यावर ती म्हणाली, "अगं, पण मी कुठे पास झाले? तुमच्यात मी कशी येऊ?"

आमच्यातल्या त्या निवृत्त शिक्षिकेने दाखिल-खारिजच्या पानाचा फोटो तिच्यासमोर धरला आणि तिची ओळ दाखवली. तिच्या दोन ओळी वर माझे नाव होते. ती ओळ तिने बोट ठेवून वाचली, वडिलांच्या नावापाशी थांबली, आणि हा फोटो माझ्या मुलाच्या फोनवर पाठवता येईल का, असे विचारले. मेळाव्याला येईन असे ती त्या दिवशी म्हणाली नाही. चार दिवसांनी तिचा फोन आला, तोही येण्याविषयी नव्हता. आणखी दोघींचे पत्ते तिला ठाऊक होते, ते तिने सांगितले.

सगळ्याच जणी अशा भेटल्या नाहीत. काहींनी नाही म्हटले आणि ते आम्ही मान्य केले. एकीने सांगितले की शाळेत मी फार दुःखी होते, मला तिथे परत यायचे नाही. एकीच्या मुलाने फोन घेतला आणि आईला या गोष्टींत ओढू नका असे म्हटले. तिथे आम्ही पुढे बोललो नाही. गटावर यावरून बरीच चर्चा झाली, आग्रह करावा असे काहींचे मत होते. मला तसे वाटत नाही. ज्यांना सोडून दिले गेले त्यांना शोधणे आपले काम आहे, त्यांनी यावे की न यावे हा त्यांचा अधिकार आहे, आणि आपल्या उत्साहाखाली तो दडपला जाता कामा नये. ज्या वारल्या होत्या त्यांची घरे मात्र आम्ही गाळली नाहीत. एका मैत्रिणीच्या मुलीने आईचा शाळेतला एकही फोटो घरात नाही असे सांगितल्यावर, एका जुन्या स्नेहसंमेलनाच्या समूहचित्रातून तिची छबी मोठी करून आम्ही तिला पाठवली.

यादी बदलली तसा मेळावाही बदलावा लागला. आधी एका मोठ्या हॉटेलात दुपारचे जेवण आणि माणशी दोन हजार रुपये वर्गणी असे ठरत आले होते. वर्गणीचा आकडा ठरवणे म्हणजे कोणी यायचे नाही ते ठरवणे, हे एकदा स्पष्ट बोलून दाखवल्यावर कोणीही हट्ट धरला नाही, आणि याबद्दल मला माझ्या मैत्रिणींचा अभिमान आहे. एका बंद डब्यात ज्याने त्याने जमेल ते घालावे, हिशेब दोघींनी ठेवावा आणि कोणी किती दिले ते कोणालाही कळू नये, असे ठरले. पैसे कमी पडले नाहीत. जागा शाळेचेच सभागृह घेतली. वेळ सकाळी अकरा ते चार ठेवली, कारण कोणाला नातवंडांना शाळेतून आणायचे नसेल असा रविवार आणि कोणाला रात्री एकटीने परतावे लागणार नाही अशी वेळ, या दोन्ही गोष्टी आमच्या वयाच्या बायकांना बाहेर पडण्यासाठी फार महत्त्वाच्या असतात. ज्यांच्याकडे गाड्या होत्या त्यांनी आपापल्या भागातल्या मैत्रिणींना घेऊन यायचे ठरवले.

मार्गशीर्ष असल्यामुळे आल्या-आल्या हळदीकुंकू करावे अशी एक सूचना आली होती. सूचना करणारीच्या मनात काही नव्हते, बायकांच्या कार्यक्रमाची आपल्याकडची रीतच ती आहे. परंतु यादीवर नजर टाकली तर आमच्यापैकी जवळजवळ तिसरा हिस्सा विधवा होता. पहिली दहा मिनिटे ज्यांना भिंतीशी उभे राहून पाहावे लागेल अशा मैत्रिणींना आपण दोन-तीन महिने खपून शोधून काढले आहे का, असे मी विचारले. शेवटी दारात प्रत्येकीला गजरा आणि अत्तर द्यायचे ठरले. एका मैत्रिणीने नवरा गेल्यापासून केसांत फूल घातले नव्हते. तिने गजरा हातात घेतला, क्षणभर इकडेतिकडे पाहिले, आणि शेजारच्या बाईकडे पाठ करून, "दे गं माळून" असे म्हणाली. शेजारी उभी होती ती गणवेश शिवणारी. तिने तो माळला आणि सवयीने त्याचा दोरा दाताने तोडला.

त्या दिवसाविषयी आणखी फार काही सांगण्यासारखे आहे असे नाही. पोहे, जिलबी, थंडी असल्यामुळे जिरावण मसाला भुरभुरलेला तळलेला गराडू, म्हणजे आमच्याकडचा हिवाळ्यातला कंद, सतत चहा. आमच्या गणिताच्या बाई आल्या होत्या. नव्वदीच्या घरात आहेत, ऐकू कमी येते. शाल आणि श्रीफळ त्यांनी घेतले, भाषण करायला मात्र नकार दिला, आणि खुर्ची मध्यभागी ठेवायला सांगून प्रत्येकीला जवळ बोलावून विचारपूस केली. ज्यांनी शाळा सोडली होती त्यांना त्या जास्त वेळ देत होत्या. गणितात सगळ्यांच्या आधी उत्तर काढणारी ती मुलगी, जिचे नववीत लग्न झाले होते, ती देवासहून आली होती. बाईंनी तिचा हात बराच वेळ सोडला नाही. "तुझ्या वडिलांकडे मी गेले होते," असे त्या म्हणाल्या. "परीक्षा होऊ द्या म्हणून सांगायला. तुला कोणी सांगितले का?" तिला कोणी सांगितले नव्हते. आपल्यासाठी कोणी घरी आले होते हे तिला त्या दिवशी, त्रेसष्टाव्या वर्षी कळले. माझ्या दृष्टीने आमचा सगळा खटाटोप त्या एका वाक्यासाठी झाला असता तरी चालले असते.

आता तुकडीच्या रजिस्टरातल्या अजून काही ओळी रिकाम्या आहेत, म्हणजे त्या मैत्रिणी कुठे आहेत ते कळलेले नाही. खांडव्याकडे दिलेल्या तिघी आहेत, एकीचे माहेर स्नेहलतागंजात होते, दोघींची कुटुंबे मिल बंद झाल्यावर सुरतला गेल्याचे कळते. सुरतेत राहणाऱ्या आमच्या एका मैत्रिणीने तिथली चौकशी अंगावर घेतली आहे. आमच्या पुढच्या-मागच्या तुकड्यांतल्या बायकांनीही विचारणा केली, म्हणून त्यांना रजिस्टर कसे पाहायचे, कोणती परवानगी लागते आणि कोणाचे पत्ते जाहीर करायचे नाहीत हे आम्ही समजावून दिले आहे. पुढचा मेळावा संक्रांतीनंतरच्या रविवारी ठरला आहे. जागा या वेळी मालवा मिलच्या बाजूला घेतली आहे, कारण मागच्या खेपेला त्या बाजूच्या मैत्रिणींना लांब यावे लागले होते. तिळगूळ करण्याचे काम देवासच्या मैत्रिणीने आपल्याकडे मागून घेतले आहे आणि माणशी किती ग्रॅम तीळ, किती गूळ याचा हिशेब तिने आधीच गटावर लिहून पाठवला आहे.